मैदान आणि केबलची तार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर जिमखाना समितीची जी बैठक झाली, तीत एका मित्राने एक सूचना मांडली. आपल्या महाविद्यालयाने तालुक्यातील इतर चार महाविद्यालयांना बरोबर घेऊन स्वतःची क्रीडावाहिनी काढावी. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती यांचे आंतरमहाविद्यालयीन सामने टिपावेत. गावच्या केबलवाल्याशी करार करून ते घरोघरी दाखवावेत आणि त्यातून होणाऱ्या प्राप्तीवर जिमखान्याचा खर्च भागवावा. सूचनेचे टाळ्यांच्या गजरात स्वागत झाले. पुढे आठवडाभर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. परंतु अमेरिकेत हाच प्रयोग कसा झाला, कोठे तरला आणि कोठे बुडाला हे वाचत गेलो तसा माझा उत्साह थोडा विचारी झाला. तो विचार वाचकमित्रांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ ही आपल्यासारखी जानेवारीतल्या चार दिवसांची गोष्ट नाही. तेथील विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांना एकेका मैदानावर लाखभर माणसे जमतात. (हा आपला फुटबॉल नव्हे, अंडाकृती चेंडू काखोटीस मारून धावण्याचा तो खेळ.) दूरचित्रवाणी आली तेव्हा, सामना घरबसल्या दिसू लागला तर मैदानावर येणार कोण, अशी धास्ती तेथील विद्यापीठांना वाटली. म्हणून एन. सी. ए. ए. या विद्यापीठीय क्रीडासंघटनेने १९५० नंतरच्या दशकापासून किती सामने दाखवावेत आणि एका संघाने पडद्यावर किती वेळा दिसावे, यावर मर्यादा घातली. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांना ही मर्यादा जाचक वाटू लागली आणि वाद न्यायालयात गेला. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही बंधने बेकायदेशीर ठरविली. प्रक्षेपणाचा हक्क ज्याचा त्याने विकावा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला.

या निकालाशी असहमत झालेल्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते बायरन व्हाइट. हे गृहस्थ तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते आणि पुढे व्यावसायिक संघांतूनही खेळले होते. त्या पीठावर मैदानाची माती अंगाला लागलेला माणूस तोच. आणि त्यानेच म्हणावे की महाविद्यालयीन खेळाकडे निव्वळ व्यापार म्हणून पाहू नये, शिक्षणाशी असलेली त्याची सांगड टिकविण्यासाठी काही बंधने योग्यच असतात! त्यांचे मत अल्पमतात राहिले. त्याचे मोल कळायला मात्र चाळीस वर्षे जावी लागली.

आता केबलचे गणित पाहू, कारण सारी मेख त्यातच आहे. वाहिनी काढणे त्या मानाने सोपे असते. कॅमेरे भाड्याने मिळतात, समालोचक मिळतात, खेळाडू तर आपलेच असतात. अवघड असते ते घराघरांत जाणाऱ्या तारेवर जागा मिळविणे. अमेरिकेतील केबल कंपन्या ग्राहकाला वाहिन्यांचा गठ्ठा विकत आल्या आणि त्या गठ्ठ्यातील प्रत्येक वाहिनीला दर घरामागे दरमहा ठरावीक रक्कम देत आल्या. वाहिनी सर्वसाधारण गठ्ठ्यात गेली तर ती पाहणारा आणि न पाहणारा, दोघेही तिचे पैसे भरतात. तीच वाहिनी क्रीडाप्रेमींच्या वेगळ्या, जादा दराच्या गठ्ठ्यात टाकली की पैसे देणारी घरे एकदम मूठभर होतात. म्हणून वाहिनीचा आग्रह पहिल्या गठ्ठ्याचा आणि केबल कंपनीचा आग्रह दुसऱ्याचा. एखाद्या लग्नघरी सर्व पाहुण्यांकडून बासुंदीचे पैसे घ्यायचे, की जो वाटी मागेल त्याच्याकडूनच, असाच हा तंटा होता.

बिग टेन हा मध्य-पश्चिम अमेरिकेतील जुन्या विद्यापीठांचा संघ. नाव दहाचे असले तरी २००७ साली त्यात अकरा विद्यापीठे होती. त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला त्यांनी स्वतःची वाहिनी सुरू केली. ५१ टक्के मालकी विद्यापीठांच्या संघाची आणि ४९ टक्के फॉक्स कंपनीची. उपग्रहावरून सेवा देणाऱ्या डायरेक्टीव्हीने वाहिनी घेतली. परंतु त्या प्रदेशातील सर्वांत मोठी केबल कंपनी कॉमकास्ट अडून बसली. वाहिनीने दर घरामागे दरमहा सुमारे एक डॉलर दहा सेंट मागितले, अशी वार्ता तेव्हा होती. कॉमकास्टचे म्हणणे असे की ही मूठभरांची आवड आहे. इंडियानातील बास्केटबॉलवेड्याला आयोवाच्या व्हॉलीबॉलशी काय देणेघेणे? या बोलण्यावर बिग टेनचे प्रमुख जिम डेलानी खवळले. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींचा हा अपमान आहे, असे त्यांनी जाहीरपणे सुनावले.

आणि मग नशिबाने एक गंमत केली. वाहिनी सुरू होऊन तिसराच दिवस. १ सप्टेंबर २००७ रोजी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनच्या बलाढ्य संघाला, त्याच्याच मैदानावर, ॲपलेशियन स्टेट या खालच्या गटातील संघाने ३४ विरुद्ध ३२ गुणांनी हरविले. शेवटच्या काही सेकंदांत मिशिगनचा निर्णायक फटका अडविला गेला. महाविद्यालयीन खेळाच्या इतिहासातील हा एक मोठा चमत्कार, आणि तो दाखवीत होती ही नवी वाहिनी! कॉमकास्टच्या ग्राहकांना तो घरी पाहता आला नाही. तो सामना गेला तो गेलाच. मात्र वाहिनीचे नाव सर्वतोमुखी झाले. जून २००८ मध्ये कॉमकास्टने करार केला आणि बिग टेनच्या मुलुखात ती वाहिनी सर्वसाधारण गठ्ठ्यात आली.

येथवरची कथा ऐकून आमचा सूचक मित्र म्हणेल, मग अडचण कोणती? आयोवाच्या मुलींचा व्हॉलीबॉल पडद्यावर आला, विद्यापीठांना पैसा मिळाला, हट्ट धरणारी कंपनी नमली. मलाही हे मान्य आहे. परंतु एकदा घरांच्या संख्येवर पैसा मोजण्याची सवय लागली की सोबती निवडण्याची कसोटीही तीच होते. बिग टेनने २०१२ साली रटगर्स आणि मेरीलँड या विद्यापीठांना आमंत्रण दिले आणि २०१४ पासून ती संघात आली. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन या महानगरांच्या परिसरातील लाखो केबलजोडण्या हे त्याचे एक प्रमुख कारण होते, हे तेथे कोणी लपवूनही ठेवले नाही. खेळातील जुने वैर, जवळचे गाव, सारखी माती, या गोष्टी मागे पडल्या.

टेक्सासचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑस्टिनचे टेक्सास विद्यापीठ आणि कॉलेज स्टेशन येथील टेक्सास ए. अँड एम. यांच्यातील अंतर जवळपास मुंबई-पुण्याइतके. या दोघांची फुटबॉलची झुंज १८९४ पासूनची. २०११ साली टेक्सास विद्यापीठाने ई. एस. पी. एन.च्या साहाय्याने केवळ स्वतःसाठी 'लाँगहॉर्न' ही वाहिनी काढली. करार वीस वर्षांचा, रक्कम तीस कोटी डॉलर. सुरुवातीला ही वाहिनी घ्यायला फारच थोड्या केबल कंपन्या तयार झाल्या. परंतु शेजाऱ्याच्या घरातील या नव्या श्रीमंतीने ए. अँड एम.चे मन मात्र लगेच कडवट झाले. इतर कारणेही होती, पण त्या कडवटपणासह ते २०१२ मध्ये दुसऱ्या संघात निघून गेले. शतकाहून जुनी ती झुंज थांबली ती थेट २०२४ च्या नोव्हेंबरापर्यंत. तोवर वीस वर्षांचा करार पुरा न होताच लाँगहॉर्न वाहिनीही बंद पडली होती. म्हणजे वाहिनीही गेली आणि मधल्या तेरा वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या मुलांचा तो सामनाही गेला.

सर्वांत करुण कहाणी पश्चिम किनाऱ्यावरची. पॅक-१२ या संघाचा वंश १९१५ पर्यंत मागे जातो. स्टॅनफर्ड, बर्कली, लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे अशी मातब्बर नावे त्यात. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कोणाही भागीदाराविना, शंभर टक्के स्वतःच्या मालकीच्या वाहिन्या काढल्या. एक देशभराची आणि सहा विभागीय. जलतरण, वॉटरपोलो, जिम्नॅस्टिक्स, मुलींचे सॉफ्टबॉल असे वर्षाला शेकडो सामने त्या दाखवीत. खेळाच्या दृष्टीने याहून उदार योजना कोणती? परंतु मागे मोठी कंपनी नसल्याने सौदा करताना हातात वजन नव्हते. डायरेक्टीव्हीने त्या वाहिन्या शेवटपर्यंत घेतल्या नाहीत. दरम्यान लोक केबल तोडून इंटरनेटकडे वळू लागले आणि ज्या गठ्ठ्यावर सारा डोलारा उभा होता तो गठ्ठाच सुटू लागला. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी बिग टेनकडे जाण्याचे जाहीर केले. २०२३ च्या उन्हाळ्यात ॲपल कंपनीचा वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून असणारा प्रस्ताव समोर असताना उरलेल्यांनी भराभर घर सोडले. त्या वर्षी प्रथम बाहेर पडले ते न्यायमूर्ती व्हाइट यांचे कोलोरॅडो विद्यापीठ! ३० जून २०२४ रोजी वाहिन्या बंद झाल्या आणि पुढे संघात केवळ दोन विद्यापीठे उरली.

आज लॉस एंजेलिसच्या खेळाडूंना आपल्याच संघातील रटगर्सशी सामना खेळण्यासाठी सुमारे चार हजार किलोमीटर उडत जावे लागते. फुटबॉलचा संघ मोसमात थोडेच दौरे करतो. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींचे मात्र प्रवास अधिक, रात्री विमानतळावर आणि सकाळी वर्गात. ज्यांच्या नावाने वाहिनीची थोरवी गायिली गेली, त्यांच्याच पाठीवर तिचे ओझे आले. आणि ज्यांच्या घामावर हे सारे चालले त्यांना २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर साधी जाहिरातही घेता येत नव्हती. विद्यापीठांनी खेळाडूंना उत्पन्नातला वाटा थेट देण्याची वाट मोकळी झाली ती २०२५ च्या जुलैपासून.

आता आपल्या मैदानाकडे वळू. आपल्याकडे व्यवहार काहीसा उलटा आहे. येथे तारेवर जागा हवी असेल तर पुष्कळदा वाहिनीलाच केबलवाल्याकडे पैसे भरावे लागतात. तेव्हा जिमखान्याचा खर्च केबलमधून निघेल ही आशा मुळातच भाबडी आहे. जाहिरातींचे म्हणाल, तर आज कापडदुकानदार पैसे देईल आणि उद्या म्हणेल, अंतिम सामना सायंकाळी सातला ठेवा, तेव्हा बघणारे जास्त असतात. एस. टी.ची शेवटची गाडी साडेसहाला सुटते, हे त्याच्या हिशेबात कोठे बसणार? पुढे तो असेही म्हणेल की कुस्ती दाखवा, मुलींचा खो-खो कोण पाहतो? कॉमकास्टचे शब्द मराठीत ऐकू यायला फार वेळ लागणार नाही.

मग काहीच करू नये काय? तसे मुळीच नाही. यंदा आपल्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना झाला, तेव्हा प्रथम वर्षातील एका मुलाने तो सहज मोबाइलवरून दाखविला. फळीवरून पाहणारे आम्ही साठ-सत्तर जण होतो. दुसऱ्या दिवशी संघातली एक मैत्रीण सांगत होती की तिच्या आईने गावी, शेजारणीच्या मोबाइलवर, लेकीला प्रथमच खेळताना पाहिले. "एवढ्या जोरात पाडतात होय गं तुला?" एवढेच त्या माउलीने विचारले, आणि त्यानंतर सरावाला उशीर झाला तर घरून फोन येणे बंद झाले. या अंकाच्या अखेरीस जिमखान्याचा अहवाल आहे. त्यात त्या सामन्याला दीड ओळ मिळाली आहे. त्या दीड ओळीत ही आई कोठे दिसणार?

म्हणून माझे मत असे. सामने अवश्य दाखवावेत, आणि सगळे दाखवावेत, हरलेलेही. गावच्या केबलवर गणेशविसर्जनाची मिरवणूक दाखविणारी स्थानिक वाहिनी आहेच. तिच्याकडे आठवड्याला एक तास मागावा, मिळाल्यास आनंद, न मिळाल्यास मोबाइल आहेच. चित्रीकरणाची मालकी महाविद्यालयाकडे राहावी आणि ते कोणालाही एकट्याला विकू नये. सामन्याची वेळ परीक्षा आणि एस. टी. पाहून ठरावी. ज्यांचे चित्र दाखवायचे त्या मुलामुलींना आधी विचारावे. आणि जिमखान्याचा वार्षिक खर्च, मग तो चटयांचा असो वा पट्ट्यांचा, या पडद्याच्या भरवशावर कधीही टाकू नये. पडदा विझला तरी मैदान चालू राहिले पाहिजे.

समितीची पुढची बैठक जूनमध्ये आहे. तेथे मी हेच मांडणार आहे. त्या वेळी टाळ्या कमी पडल्या तरी हरकत नाही. तालुक्यातील त्या चार महाविद्यालयांशी आपली दरसालची झुंज चालू राहावी, एवढीच माझी इच्छा आहे.