पीएचडीवाला पोरगा आणि तहसीलचा दाखला

खडकी म्हटली की आपल्याला दारूगोळ्याचा कारखाना आठवतो, नाहीतर १८१७ ची लढाई. पण खडकीला खेटूनच गणेशखिंड, आणि तिथे पुणे विद्यापीठ. आमच्या गावचा एक पोरगा खडकीत तिघांत एक खोली करून राहतो नि पीएचडी करतो. विषय ऊसतोड मजुरांच्या मुलांचे शिक्षण. बाप दोन एकरवाला. सुट्टीत गावी आला की पारावर हमखास प्रश्न येतो, "अजून शिकतोयसच का रे?"

पाराला तरी काय बोल लावायचा! डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत 'सारथी'च्या फेलोशिपच्या २०० जागांचा विषय निघाला, तेव्हा पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, असे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारच बोलून गेले. पुढे २४ डिसेंबरला बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी परीक्षा झाली, तर पेपर निघाला २०१९ च्या सेट परीक्षेचा! १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा ठेवली. तिथे काही पेपरांना सीलच नाही म्हणून पोरांनी बहिष्कार टाकला. यात दोष पोरांचा होता का?

दिव्यांचेच विचाराल तर एक सांगतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका गरीब विद्यार्थ्याला महिना साडेअकरा पौंड देऊन अमेरिकेला धाडले. त्या भीमराव आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीला भांडवल पाहिजे आणि जादा माणसे उद्योगात गेली पाहिजेत, हे त्यांनी तेव्हाच मांडले. आपण आज बांधावर बसून तेच बोलतो.

फेलोशिप म्हणजे खिरापत नव्हे. पाच-पाच वर्षे पोरगा कमवत नाही, त्या काळातली ती भाकरी आहे. ती नोंदणीच्या तारखेपासून आणि महिन्याच्या महिन्याला मिळाली पाहिजे. वर्षभराची थकबाकी एकदम दिली तरी खोलीवाला तोवर थांबत नाही.

आता थोडे आपल्या तलाठी-ग्रामसेवक मंडळींना. अर्जाबरोबर जातीचा, उत्पन्नाचा, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला लागतो. नॉन-क्रिमिलेअरची मुदत संपते ३१ मार्चला, आणि नेमकी तेव्हाच तुमची वसुलीची धावपळ असते. या पोराने मागच्या खेपेला एका दाखल्यासाठी तीन हेलपाटे घातले. दर वेळी एसटीचे भाडे नि बुडालेला दिवस. फेब्रुवारीत एक दिवस ग्रामपंचायतीत बसून गावातल्या शिकणाऱ्या पोरांचे कागद एकदम मार्गी लावता येणार नाहीत का? सरपंचांनी मनावर घेतले तर खर्च फक्त चहाचा आहे.