सातबारा आणि पौंड

परदेशी विद्यापीठात शिकण्याच्या चर्चेत प्रवेशपरीक्षा, मानांकन आणि व्हिसा यांनाच बहुतेक जागा मिळत असली, तरी चितेगावसारख्या गावातून या विषयाकडे पाहिले, तर आधी तारणाचा आणि मागोमाग चलनाच्या दराचा प्रश्न उभा राहतो. पैठण रस्त्यावरील या गावाच्या शिवारात शेती आणि कारखाने एकमेकांना खेटून आहेत. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे गावाचे नाव दूरवर पोचले आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यावर कारखान्यातील नोकरीचा भरवसाही डळमळला. अशा गावातील अभियंता मुलगी एम.एस.साठी बाहेर जायचे ठरवते, तेव्हा वडिलांच्या पिशवीतून पहिला निघतो तो सातबारा, आणि बँकेच्या टेबलावरून तो बहुधा तसाच परत सरकवला जातो.

त्याचे कारण कायद्यात आहे. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सहसा स्थावर तारण मागतात; परंतु थकबाकीदाराचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या 'सरफेसी' कायद्याने, कलम ३१ अन्वये, शेतजमीन या अधिकारातून वगळली आहे. शेतकऱ्याची जमीन सहजासहजी हातची जाऊ नये हा हेतू रास्तच आहे, मात्र त्यामुळे पाच एकर ओलिताच्या रानापेक्षा एखादा बिनशेती, म्हणजे एनए झालेला, लहानसा भूखंड बँकेच्या लेखी वजनदार ठरतो. गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर आराखड्याविना शेताचे तुकडे पाडून विकलेला भूखंड नियमित झालेला नसेल, तर तोही कामी येत नाही. मग उरते ते बिगर-बँक वित्तसंस्थांचे विनातारण कर्ज, ज्याचा व्याजदर बँकेपेक्षा चढा असतो.

दुसरा प्रश्न दराचा, आणि त्यासाठी मराठी माणसाच्या परदेशी शिक्षणाचे सर्वांत परिचित उदाहरण या अंगाने पुन्हा वाचण्याजोगे आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी, असा तो करार होता. ही रक्कम पौंडांत ठरलेली असल्याने रुपया वर गेला काय किंवा खाली आला काय, फरक सोसायचा होता तो संस्थानाच्या तिजोरीने. पुढे ते लंडनला शिकायला गेले; १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली, तेथील अभ्यास अर्धवट राहिला, आणि लंडन विद्यापीठाने तो पुन्हा सुरू करण्यास चार वर्षांची सवलत दिली. जुलै १९२० मध्ये ते दुसऱ्यांदा निघाले तेव्हा मात्र हाताशी सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठवलेले रुपये होते, नवल भथेना या मित्राचे पाच हजारांचे कर्ज होते आणि शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार होते. त्याच वर्षी सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग, म्हणजे पौंडाला दहा रुपये, असा कायद्याने ठरवला. बाजाराने तो मानला नाही आणि १९२१ मध्ये रुपया दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. पाच हजार रुपयांचे सरकारी दराने पाचशे पौंड होत, तर १ शिलिंग ४ पेन्स या जुन्या दराने जेमतेम ३३३. लंडनमध्ये त्यांनी जो प्रबंध लिहिला आणि जो १९२३ साली प्रसिद्ध झाला, त्याचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता. चलनाचे मोल सरकारच्या मर्जीवर सोडू नये, चलननिर्मितीलाच मर्यादा असावी, अशी त्यात मांडणी आहे. या ग्रंथाचे मूळ खासगी हिशेबात शोधणे उथळपणाचे ठरेल, तरी रुपयांत मिळवून पौंडांत राहणाऱ्या विद्यार्थ्याला विनिमय दर ही केवळ पुस्तकी बाब नसते, एवढे खरे.

आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा ७५, आणि निर्वाहभत्ता अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर, तर ब्रिटनसाठी ९,९०० पौंड असा परकीय चलनातच ठरलेला. बडोद्याच्या कराराचा तोच गुण येथेही टिकला आहे. कर्ज काढून जाणाऱ्यांना मात्र हे छत्र नाही, आणि संख्येने तेच अधिक आहेत. २०२४ च्या आरंभी डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या अखेरीस त्याने नव्वदी ओलांडली. म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तीस हजार डॉलरच्या शुल्कामागे दोन लाखांहून अधिक रुपयांचा फरक, तोही एकही जास्तीचा विषय न घेता. कर्ज मंजूर होते रुपयांत, शुल्काची मागणी येते डॉलरमध्ये, आणि दरम्यान व्याज चढतच असते, कारण परतफेडीला शिक्षण संपेपर्यंत मिळणारी सवलत हप्त्यांची असते, व्याजाची नव्हे.

म्हणून चितेगावातील पालकाला बँकेत व्याजदरासोबत आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते: मंजूर रकमेत दरवाढीची तजवीज धरली आहे काय? ती नसेल, तर दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरताना वाढीव कर्जासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मूल्यांकन आणि पुन्हा तारण, आणि घरात तर शेताखेरीज दुसरे काही शिल्लक नसते.