व्हिडिओ दर वेळी तिथेच अडकतो तेव्हा

मोमिनपुऱ्यातल्या एका वाचक भगिनींचा गेल्या महिन्यात फोन आला. रमजानच्या आधी त्यांच्या दादीजानचा इंतकाल झाला. घरातले हातमाग, आजोबांची एम्प्रेस मिलमधली नोकरी, लग्नानंतर पाहिलेलं नागपूर, असं दादी जे जे सांगायच्या ते या भगिनींनी वेळोवेळी फोनवर टिपून ठेवलं होतं. सगळे तुकडे जोडून ४० मिनिटांचा व्हिडिओ करायचा आणि जेद्दाहून फुफी आल्या की सगळ्यांनी मिळून पाहायचा, असा बेत होता. लॅपटॉपवर ‘शॉटकट’ हा मोफत प्रोग्राम घेऊन त्यांनी पंधरा दिवस मेहनत केली. पण एक्स्पोर्ट दिलं की काम दर वेळी ७२ टक्क्यांवर बंद! त्यात भाऊ म्हणाला, “फोन भरलाय, जुने व्हिडिओ काढून टाक.”

मी म्हटलं, आपा, आधी एक करा. फोनमधलं काहीही पुसू नका.

शॉटकटमध्ये आपण जी फाइल सेव्ह करतो, तिच्यात व्हिडिओ नसतोच. कुठला तुकडा कुठे ठेवलाय आणि त्यातला किती घ्यायचा, एवढीच यादी असते. बिर्याणीची कृती लिहिलेला कागदच म्हणा ना. तांदूळ आणि गोश्त वेगळीकडे असतात. एक्स्पोर्ट म्हणजे प्रत्यक्ष शिजवणं. ते फसलं तरी कृती शाबूत राहते. मूळ तुकडे गेले, तर मात्र नुसता कागद हातात उरतो.

आता दोष कसा शोधायचा ते पाहू.

काम दर वेळी एकाच ठिकाणी थांबत असेल, तर बहुधा तिथला तुकडा बिघडलेला असतो. ४० मिनिटांचे ७२ टक्के म्हणजे साधारण २९वं मिनिट. तिथला तुकडा काढून एक्स्पोर्ट देऊन पाहा. नेमका सापडत नसेल तर अर्धा अर्धा भाग वेगळा काढा. जो अर्धा अडकेल त्याचे पुन्हा दोन भाग करा. दोषी लवकर हाती लागतो.

आवाज आणि ओठ जुळत नसतील तर कारण वेगळं असतं. फोन दर सेकंदाला सारखीच चित्रं घेत नाही, कमीजास्त घेतो. अशा तुकड्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘कन्व्हर्ट’ करून घ्या.

काम दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर आधी डिस्कवरची मोकळी जागा बघा. पेनड्राइव्हवर थेट एक्स्पोर्ट करू नका. एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मग एक्स्पोर्टच्या पानावरची ‘हार्डवेअर एनकोडर’ची आणि ‘अॅडव्हान्स्ड’मधली ‘पॅरलल प्रोसेसिंग’ची खूण काढा. वेळ जास्त लागेल, पण काम पुरं होण्याची शक्यता वाढते. तरीही थांबलं, तर ‘जॉब्ज’च्या यादीत त्या कामावर उजवं क्लिक करून ‘व्ह्यू लॉग’ उघडा. शेवटच्या ओळींत बहुतेकदा कारण दिसतं.

आणि आपल्या नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की लॅपटॉप आधीच तापलेला असतो. एक्स्पोर्टमध्ये प्रोसेसरवर पूर्ण भार येतो. मग तो वेग कमी करतो, कधी मशीनच बंद पडतं. हे काम पहाटे लावा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. कूलरचा ओला झोत मात्र थेट त्यावर नको.

चार दिवसांनी आपांचा फोन आला. २९व्या मिनिटाचा तुकडा लॅपटॉपवर घेताना अर्धवटच उतरला होता. फोनमधून तो पुन्हा घेतला, त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवला आणि अल्हम्दुलिल्लाह, व्हिडिओ पूर्ण निघाला. फोन भरलाय म्हणून आदल्या आठवड्यात तो पुसला असता, तर दादींचं तेवढं बोलणं कायमचं गेलं असतं.

तयार झालेला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. मूळ तुकड्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. मगच फोन रिकामा करा.