दार एक, चाव्या अनेक

मुलांनो, २०१८ च्या जूनमधली गोष्ट. दौंड तालुक्यातली एक मुलगी भीमा ओलांडून शिरूरकडच्या आमच्या शाळेत, चौथीत आली. वर्गात बसली, खिचडी जेवली, पण रोज विचारायची, "बाई, माझं नाव कधी येणार?"

तुम्ही म्हणाल, लिहायचं की पेनानं! पण २०१५ साली आपल्या राज्यात 'सरल' ही संगणकावरची नोंद सुरू झाली. तिचं दार एकच, चाव्या मात्र वेगवेगळ्या. शाळेच्या चावीनं तेव्हा फक्त आपल्याच शाळेची पानं उघडायची. केंद्रप्रमुखांना केंद्रातल्या शाळा दिसायच्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना सगळा तालुका. त्यामुळे आमच्या मुख्याध्यापकांनी नाव मागायचं आणि जुन्या शाळेनं ते सोडायचं.

खरं सांगू? मला रागच आला. एवढंसं काम, आम्हीच का करू नये? मग वाटलं, मला दौंडची पानं उघडता आली, तर उद्या कुणीही तुमची जन्मतारीख बदलेल! म्हणूनच आपला परवलीचा शब्द मैत्रिणीलाही उसना द्यायचा नसतो. एकच चावी दहा जणांकडे असली, तर चूक कुणाची ते कळणार कसं?

नवव्या दिवशी जुन्या शाळेनं नाव सोडलं. तिनं ते पडद्यावर दोनदा वाचलं. "बाई, आता पुसणार नाही ना कुणी?"