फुंकरीचा ताम्रपट

झां फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराने 1861 साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या 'लापशी' या चित्रात शेतकऱ्याच्या घरची एक आई तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली आहे, आणि बाळाची जीभ भाजू नये म्हणून चमचा ओठांपाशी धरून त्यावर फुंकर घालीत आहे. फुंकर दिसत नाही. ओठांचा चंबू आणि चमचा यांमध्ये कोऱ्या राखलेल्या जागेवरून ती आपल्याला कळते.

फ्रान्सच्या कला-अकादमीने सतराव्या शतकापासून चित्रविषयांची प्रतवारी ठरविली होती. तीत इतिहास आणि धर्मकथा यांना अग्रपूजेचा मान होता, घरगुती प्रसंगांचे पान पंगतीत बरेच खाली मांडलेले असे. नॉर्मंडीतील ग्रूशी या खेड्यात शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या, 1849 पासून बार्बिझोनला राहिलेल्या आणि नऊ मुलांचा पिता असलेल्या मिलेने ती प्रतवारी मानली नाही. लोणी काढणारी, लोकर पिंजणारी, रात्री दिव्याच्या उजेडात शिवणाऱ्या स्त्रिया, या सर्वांना त्याने तांब्यावर स्थान दिले.

या कामाला धीर लागतो. पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने लेप खरवडून रेघ काढायची आणि पत्रा आम्लात बुडवायचा. आम्ल जितका वेळ खाईल तितकी रेघ खोल जाते, आणि शाई भरून ओलसर कागदावर दाबली म्हणजे तितकीच गर्द उमटते.

आपल्या मुलखात तांब्याचा पत्रा म्हटला की शिलाहार-यादवांची दानपत्रे आठवतात; दिलेले गाव आचंद्रार्क चालावे, म्हणून ती सनद तांब्यावर कोरीत. राज्याला जे मोलाचे वाटते तेच दप्तरी रुजू होते. म्हणूनच, केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीची गणना आपली खानेसुमारी आजही 'काम न करणाऱ्यां'मध्ये करते, ही मला केवळ रकान्याची चूक वाटत नाही. तो आपल्या मूल्यबुद्धीचा दोष आहे, आणि तो सरकारने व समाजाने मिळून दुरुस्त केला पाहिजे.

मिलेने तो आपल्यापुरता दुरुस्त केला. लापशी निवेपर्यंत त्या आईचे सारे चित्त एका चमच्यावर एकवटले आहे, आणि तेवढ्या वेळाच्या तिच्या श्रमाची नोंद तांब्यावर झाली आहे.