रंगाआडचे पोलाद

जुनी वस्तू दुरुस्त करणे आणि जुनी वस्तू नवी भासवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या सायकलींच्या बाबतीत हा फरक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. अडगळीतली सायकल बाहेर काढावी, तिच्यावर रंगाचा एक चकचकीत हात फिरवावा आणि ती नवी झाली असे समजावे, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. मला ही रीत योग्य वाटत नाही. सायकलीचा रंग पोलाद झाकण्यासाठी नसतो, तर ते राखण्यासाठी असतो. म्हणूनच रंगापूर्वीचे जे काम कोणाच्या नजरेस पडत नाही, तेच खरे काम होय, असे माझे मत आहे.

या सायकली मुळात टिकण्यासाठी घडवल्या होत्या. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची 'रॅले' एकेकाळी आपल्याकडे प्रतिष्ठेची मानली जाई. स्वातंत्र्यानंतर देशातच कारखाने वाढले. मद्रासची टी. आय. सायकल्स १९४९ साली, सोनिपतची 'ॲटलस' १९५१ साली, तर लुधियानाची 'हीरो' १९५६ साली सुरू झाली. आसनसोललाही 'सेन-रॅले'च्या सायकली तयार होत. टपाल वाटणारे, दूध घालणारे, गिरणीत पाळीवर जाणारे अशा असंख्य श्रमिकांचा संसार या काळ्या सायकलींनी वाहिला. काळ बदलला. 'ॲटलस'च्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी थांबले; तो नेमका जागतिक सायकल दिन होता. कारखाने थांबतात, परंतु त्यांनी घडवलेले सांगाडे मागे उरतात. ते जपायचे की बिघडवायचे, हे आपल्या हाती असते.

या सांगाड्याची रचना समजून घेतली, तर रंगाचे प्रयोजनही समजते. पोलादी नळ्यांची टोके सांध्याच्या पोकळ तुकड्यांत बसवून तेथे पितळ वितळवून झाळलेले असते. त्यावर रंग देऊन तो भट्टीत भाजून पक्का केला जाई. अनेक सायकलींवर बारीक सोनेरी रेघा ओढलेल्या असत. पुढच्या नळीवर कंपनीची पट्टी आणि सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक ही सायकलीची ओळख असे. जाड रंग थापला, की क्रमांकाचे आकडे बुजतात आणि रेघा कायमच्या नाहीशा होतात.

याहून गंभीर प्रश्न गंजाचा आहे. लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू मिळाला की गंज धरतो. गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो; त्यामुळे तो वरच्या रंगाला आतून ढकलतो आणि रंगाला फोड येतात. गंजावरच रंग दिला, तर पहिल्या काही महिन्यांत सायकल देखणी दिसते, पण आतले काम चालूच राहते. सीटच्या नळीतून उतरलेले पावसाचे पाणी पायडलांच्या आसाजवळ साचते आणि तेथे नळी आतून खंगते. सांध्याला भेग असेल आणि तिच्यावर लांबी भरून रंग चढवला, तर भेग नजरेआड होते, नाहीशी होत नाही. असा सांधा भर रस्त्यात दगा देऊ शकतो. तेथे प्रश्न सौंदर्याचा राहत नाही. स्वाराच्या जिवाचा होतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम सगळे भाग सुटे करावेत. रॉकेलने जुने वंगण काढून सांगाडा साबणाच्या पाण्याने धुवावा व कोरडा करावा. मग प्रत्येक सांधा आणि पुढचा चिमटा उजेडात तपासावा. भेग आढळल्यास आधी जाणत्या कारागिराकडून झाळून घ्यावी. गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये, पाणी लावून घासावे, तोंडावर योग्य मुखपट्टी असावी आणि मुलांना दूर ठेवावे. आटे असलेल्या जागा चिकटपट्टीने झाकाव्यात. दमट हवेत उघडे पोलाद लवकरच पुन्हा तांबूस पडू लागते. तेव्हा स्वच्छ, कोरड्या सांगाड्यावर विलंब न लावता प्रायमर द्यावा. त्यानंतर एका जाड थरापेक्षा रंगाचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा.

मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत असेल, तर मात्र तो मुळीच खरवडू नये. गंजलेल्या जागा तेवढ्या साफ करून तेथेच रंग लावावा आणि उरलेला भाग पुसून जपावा. झिजलेला रंग हा वापराचा पुरावा आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

यावर कोणी म्हणेल, की उद्या सकाळी कामावर जायचे आहे, त्याला एवढी सवड कोठून असणार? हा आक्षेप रास्त आहे. रोजच्या वापरातली सायकल संग्रहालयात ठेवायची नसते. सोनेरी रेघ पुन्हा उमटली नाही तरी तिचे काही अडत नाही. पण गंज काढणे आणि सांधे तपासणे यांत सवलत घेता येत नाही. कारण रोजची सायकलच रोज वजन वाहते. पॉलिश पेपर, रॉकेल, प्रायमर या काही फार महागड्या वस्तू नव्हेत. महाग असतो तो वेळ.

आणि हा वेळच आपण हिशेबात धरत नाही. ग्राहक चकाकी पाहून पैसे देतो. घासण्यात गेलेले दोन दिवस त्याला दिसत नाहीत. मग कारागीरही घासण्याचे काम उरकतो आणि चकाकी तेवढी देतो. दोष एकट्या कारागिराचा नाही. न दिसणाऱ्या श्रमाचे मोल न करणाऱ्या आपल्या सवयीचाही आहे. आपण स्वतः हे काम शिकलात, तर घाई करू नका. दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तर रंग कोणता देणार हे विचारण्याआधी गंज कसा काढणार हे विचारा, आणि त्या कामाचा मोबदला कबूल करा.