आधी मोजा, मग खोला

थंडी सुरू झाली की जुन्या मोटरहोमच्या मालकांची तक्रार ठरलेली असते: हीटर पेटतो, पण टिकत नाही. ही तक्रार आता आपल्याही कानी येणार आहे: महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. हायमर आणि डेथलेफ्स ही मोटरहोमची दोन जुनी नावे त्याच राज्यातली, एक बाड वाल्डझेचे, दुसरे इझ्नीचे. आपल्या वाचकांपैकी जे तिकडच्या गॅरेजांत रुजू होतील, त्यांच्यापुढे ही वाहने येणारच. म्हणून या अंकात एकच आग्रह धरायचा आहे. जुन्या वाहनात हीटरवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. त्याआधी त्याच्यापर्यंत पोचणारा गॅस आणि वीज मोजावी, आणि तीही हीटर चालू असताना. प्रत्यक्षात घडते उलटेच. हीटर आधी खोलला जातो, सुटे भाग मागवले जातात आणि मोजमाप राहून जाते.

ट्रुमॅटिक एस ३००२ हा गॅस हीटर घ्या. बटण दाबून धरले की पायलट ज्योत पेटते. तिच्यात थर्मोकपलचे टोक तापते, जेमतेम काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसचा चुंबकीय व्हॉल्व्ह उघडा राहतो. बटण सोडताच ज्योत विझली, तर बहुतेकांचा हात थर्मोकपलकडे जातो. पण ज्योतच मरतुकडी असेल आणि ते टोक तिच्यात नीट येत नसेल, तर नवे थर्मोकपलही तेच करणार. ज्योत का खंगली, हा खरा प्रश्न. जेटमध्ये धूळ किंवा कोळ्याचे जाळे असू शकते, पण गॅसचा दाबही कमी असू शकतो, आणि इथे जुन्या जर्मन वाहनांचा एक खास धोका आहे. पूर्वी त्यांची गॅसयंत्रणा ५० मिलिबारवर चाले. नव्वदच्या दशकापासून ती ३० मिलिबारवर आली. तीस वर्षांच्या गाडीचे मालक तीन-चारदा बदललेले असतात आणि मधल्या काळात कुणीतरी रेग्युलेटर बदललेला असतो. ५० चा हीटर ३० वर नीट पेटत नाही. उलटे झाले, म्हणजे ३० मिलिबारचे उपकरण ५० वर लावले, तर गॅस जादा जातो, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. प्रत्येक उपकरणाच्या पट्टीवर दाब छापलेला असतो. तो वाचून रेग्युलेटरशी जुळवणे हे पहिले काम. मग मॅनोमीटर लावून शेगडी, फ्रिज, हीटर सगळे चालू असताना दाब बघावा, कारण आतून तेलकट थराने तुंबलेला रेग्युलेटरही गॅस वाहत नसताना बरोबर आकडा दाखवतो. बाटलीत काय भरले आहे, तेही विचारावे. ब्युटेन शून्याच्या आसपास वायूरूप व्हायचे थांबते, तर प्रोपेन उणे चाळीसपर्यंत साथ देते. स्पेनमध्ये घेतलेली ब्युटेनची बाटली आल्प्सच्या थंडीत हीटर बंद पाडते, आणि त्यात हीटरचा काडीचाही दोष नसतो.

विजेचेही तसेच. ट्रुमॅटिक सी ६००२ सारख्या पंखा आणि सर्किट बोर्ड असलेल्या कॉम्बी हीटरच्या बाबतीत बॅटरीवर साडेबारा व्होल्ट दिसतात म्हणून निर्धास्त होऊ नये. पंखा फिरू लागला आणि ठिणगी पडू लागली की हीटरच्या टर्मिनलवर किती उरतात, ते मोजा. फ्यूजच्या खाचेत गंज आणि कनेक्टरवर हिरवी पूड असेल, तर वाटेत दोन व्होल्ट सहज जातात. व्होल्टेज अपुरे पडले की बोर्ड हीटर बंद करतो. ते त्याचे कामच आहे. अशा वेळी महागडा बोर्ड बदलणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

यावर हरकत येते की गिऱ्हाइकाला ऊब हवी असते, आकडे नकोत, आणि मोजणीच्या तासाचे पैसे तो देत नाही. पण ही दोन मोजमापे झाकण न उघडता होतात, आणि न बिघडलेला भाग मागवून त्याची वाट पाहण्यात यापेक्षा कितीतरी वेळ जातो. तीच गाडी पंधरा दिवसांनी परत आली, तर ते काम फुकटच करावे लागते. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: जुना गॅस हीटर काढून डिझेल हीटर का बसवू नये? वाहनाच्याच टाकीतले इंधन, बाटली संपण्याची चिंता नाही, हे खरे. मात्र डिझेल हीटरचा ग्लो पिन सुरुवातीला बराच जास्त करंट ओढतो. जी वायरिंग गॅस हीटरला पुरत नव्हती, ती याला कशी पुरणार? शिवाय शेगडी आणि फ्रिज गॅसवरच राहतात, म्हणजे जुनी नळी बंद करून गळती तपासणे टळत नाहीच.

तिसरे म्हणणे असे, की इतका जुना हीटर दुरुस्तच करू नये. याच्याशी आम्ही अर्धे सहमत आहोत. हीट एक्स्चेंजर ज्वलनाचे वायू आणि माणसे झोपतात ती हवा वेगळी ठेवतो. त्याला तडा किंवा भोक दिसले, तर वेल्डिंग नाही, लेप नाही. तो बदलायचा किंवा हीटर कायमचा बंद करायचा. धुराचा पाइप कुठे दबला, लोंबला, सांध्यावर निसटला असेल, तर तेच. वारा आत येऊ नये म्हणून मालकाने जमिनीतली गॅसनिकासीची भोके चटईखाली झाकलेली असतात, तीही मोकळी करायला लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशीच साचतो. पण एक्स्चेंजर आणि पाइप धड असतील, तर केवळ वयापायी चांगला हीटर भंगारात काढणे हे मालकाचे नुकसान आहे.

जर्मनीत गॅसयंत्रणेची जी ६०७ नियमानुसार दर दोन वर्षांनी होणारी तपासणी जून २०२५ पासून कायद्याने बंधनकारक झाली आहे. यंत्रणा १५० मिलिबारवर टिकते का ते पाहिले जाते; रबरी नळ्या आणि रेग्युलेटर दहा वर्षांनी बदलावे लागतात. ती तपासणी प्रमाणित तज्ज्ञच करतो, आणि पात्रता नसताना गॅसच्या सांध्याला हात लावू नये. मात्र पट्टी वाचणे, व्होल्टेज मोजणे, पाइप डोळ्यांनी तपासणे हे नवशिक्यालाही करता येते. जॉबकार्डवर प्रत्येक उपकरणाच्या पट्टीवरचा दाब, रेग्युलेटरचा दाब आणि तारीख, हीटर चालू असतानाचा दाब आणि टर्मिनलवरचे व्होल्ट लिहा, आणि त्याची एक प्रत गाडीतच ठेवायला मालकाला द्या.